रिमांडच्या दोन तास आधी

बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांना खुले पत्र



तालुक्याच्या न्यायालयात रविवारचा रिमांड कसा होतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी ज्युनियर असताना पाहिलेलं आहे. आवारात शुकशुकाट असतो. सुटीच्या कामासाठी नेमलेले न्यायदंडाधिकारी येतात, मागोमाग पोलिसांची गाडी येते. आरोपीची बायको किंवा भाऊ गावाहून एसटीने आलेला असतो आणि कुणीतरी त्याच्या हातात एका वकिलाचा नंबर दिलेला असतो. वकीलसाहेब जेवण अर्धवट टाकून येतात, वकीलपत्रावर अंगठा किंवा सही घेतात, रिमांड अर्जाची प्रत चाळतात आणि पाच-दहा मिनिटांत उभे राहतात. बहुतेक वेळा बोलणं ठरलेलं असतं. आरोपी कायमचा रहिवासी आहे, पळून जाणार नाही, तपासात सहकार्य करील, पोलीस कोठडीची गरज नाही.

६ नोव्हेंबर २०२५ पासून त्या वकिलाच्या हातात याहून कितीतरी वजनदार मुद्दा आलेला आहे. मुंबईतल्या वरळीच्या एका अपघात प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अपिलात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सांगितलं की, गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यायची आणि त्याला समजेल अशा भाषेत द्यायची. अटकेच्या क्षणी ते शक्य नसेल तर तोंडी सांगावीत. पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडलाच पाहिजे. तसं झालं नाही, तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा.

आता हा निकाल भामरागडच्या एखाद्या माडिया तरुणाच्या बाबतीत लावून पाहा. त्याला मराठी तुटक येते, वाचता तर येतच नाही. सिरोंच्याकडचा माणूस असेल तर घरात तेलुगू बोलतो. त्याला मराठीत टाइप केलेला कागद दिला आणि सही घेतली, तर कारणं ‘समजणाऱ्या भाषेत’ दिली असं म्हणायचं का? कागद किती वाजता दिला, हे स्टेशन डायरीत आहे का? हे दोन प्रश्न विचारणारा वकील त्या रविवारी हजर असेल, तर एका माणसाचं पुढचं सारं वेगळं होऊ शकतं. प्रश्न विचारायचा असतो हेच त्या वकिलाला ठाऊक नसेल, तर दिल्लीचा निकाल दिल्लीतच राहतो.

वकिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो निकाल त्याच संध्याकाळी येतो. इंग्रजी पीडीएफ, खाली दोन ओळी, कधी चुकीच्या. दुसऱ्या दिवशी तिच्यावर आणखी चाळीस निरोप साचतात. गडचिरोली, गोंदिया, वाशीम, बुलढाण्याच्या तालुक्यांतल्या वकिलाचं सनद मिळाल्यानंतरचं शिक्षण आज बहुतांशी एवढंच आहे. ते बदलणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

सनद घेताना परीक्षा असते, नाही असं नाही. अखिल भारतीय बार परीक्षा पहिल्यांदा मार्च २०११ मध्ये झाली. ती मराठीतही देता येते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तिला वैध ठरवलं. पण त्या परीक्षेनंतर वकील तीस-चाळीस वर्षं व्यवसाय करतो आणि या साऱ्या काळात कायदा बदलला तो त्याला कळला का, हे कुणी विचारत नाही. पूर्वी हे चालून गेलं, कारण पायाचे कायदे हलत नव्हते. फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून पन्नास वर्षं तीच होती. दंड संहिता तर १८६० ची. सिनियरच्या हाताखाली कलमं तोंडपाठ झाली की जन्मभर पुरत.

१ जुलै २०२४ ला ते संपलं. दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३५८ आली, प्रक्रियेच्या ४८४ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेची ५३१, पुराव्याच्या १६७ च्या जागी साक्ष अधिनियमाची १७०. नुसते आकडे बदलले असते तर तक्ता भिंतीला लावून भागलं असतं. पण जुने आकडे नव्या अर्थाने परत आले आहेत. ‘फोर एटी टू’ म्हटलं की नागपूर खंडपीठात पिढ्यान्‌पिढ्या एकच अर्थ होता: गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. आता ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन आणि ते अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले आहेत. ‘एकशे चव्वेचाळीस लागलं’ म्हटलं की पोरसवदा माणसालाही जमावबंदी समजायची. आता जमावबंदी १६३ मध्ये आहे आणि १४४ म्हणजे पोटगी, जी जन्मभर १२५ होती. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला दंड संहिताच लागू. म्हणजे तालुक्याच्या वकिलाला सकाळी अकराला जुना कायदा आणि साडेअकराला नवा कायदा डोक्यात ठेवून उभं राहावं लागतं, आणि हे आणखी कित्येक वर्षं चालणार आहे.

आकड्यांच्या आत नवं मांसही आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ घ्या. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की त्याला जामिनावर सोडायचं; पूर्वी ही मर्यादा निम्म्याची होती. देहदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. ही तरतूद जुन्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही लागू होईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात, अमरावतीत, अकोल्यात बसलेल्या ज्या माणसाच्या वकिलाला हे उशिरा कळलं, त्याने तेवढे दिवस आत जास्त काढले. वकिलाच्या न शिकण्याची किंमत वकील मोजत नाही, पक्षकार मोजतो. या पत्रातला राग, असेल तर, एवढ्याच गोष्टीचा आहे.

नव्या कायद्यांसाठी न्यायाधीशांना प्रशिक्षण मिळालं, पोलिसांना मिळालं, सरकारी वकिलांना मिळालं. तुरुंग आणि न्यायवैद्यक विभागातल्या लोकांनाही मिळालं. ते मिळायलाच हवं होतं. न्यायाधीशांसाठी उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे, नागपुरात न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्था आहे. रिमांडच्या त्या खोलीत उभ्या असलेल्या माणसांपैकी ज्याचं शिकणं कुणाचंच काम नव्हतं, असा एकच माणूस उरतो: आरोपीचा खासगी वकील. राज्यघटनेने आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा अधिकार दिला आहे. तो वकील समोरच्या फौजदाराहून कमी तयारीने उभा राहणार असेल, तर कागदावरच्या अधिकाराला काय अर्थ राहिला?

शिकण्यात खंड पडला की काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे, आणि ते एखाद्या तालुका वकिलाचं नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. वाद घड्याळाचा होता: खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात आणि बाहेर कॅमेरे लागलेले होते. त्या चित्रीकरणाच्या सीडी न्यायालयात आल्या. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं, ते पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली आणि अधिकाऱ्याच्या उलटतपासातून जे आलं त्यावरून प्रमाणपत्राची पुरेशी पूर्तता झाली, असं धरलं.

या दरम्यान कायदा झोपाळ्यासारखा हलत होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, प्रमाणपत्र हवंच. २०१८ मध्ये दुसऱ्या पीठाने म्हटलं, उपकरण ज्याच्या ताब्यात नाही त्याला सूट देता येईल. मग जालन्याच्या याच अपिलात १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१८ चं मत चुकीचं ठरवलं: मूळ उपकरण न्यायालयात हजर करत नसाल, तर प्रमाणपत्र बंधनकारकच. मात्र ते मिळवण्यासाठी पक्षकाराने होतं नव्हतं ते सारं केलं असेल आणि समोरचा देतच नसेल, तर कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. अशा वेळी ते मागवून घेण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करावा. निवडणूक रद्दच राहिली.

सहा वर्षांत तीनदा फिरलेला हा कायदा. २०१८ चा निकाल वाचून निर्धास्त झालेला आणि २०२० चा न वाचलेला वकील आजही एखाद्या चेक बाऊन्सच्या किंवा कौटुंबिक प्रकरणात मोबाइलमधलं संभाषण पेन ड्राइव्हवर घालून दाखल करतो आणि पुराव्याच्या टप्प्यावर त्याला आक्षेप ऐकावा लागतो. त्यात २०२४ पासून ६५-ब ची जागा साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली. आता प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलेला आहे. भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. त्यात उपकरणाचा प्रकार, मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक लिहायचा आणि फाइलची हॅश व्हॅल्यू द्यायची. ती कोणत्या पद्धतीने काढली त्या चौकटीत खूण करायची.

हॅश व्हॅल्यू म्हणजे काय, हे बाररूममध्ये विचारून पाहावं. ती त्या फाइलच्या बोटाच्या ठशासारखी असते. चित्रफितीतला एक क्षण कापला, चिठ्ठीतला एक स्वल्पविराम बदलला, तरी ठसा पार वेगळा येतो. एवढं समजलं की वकील स्वतःचा पुरावा नीट दाखल करू शकतो आणि समोरच्याचा पुरावा मोडूही शकतो. पण हे पुस्तकात वाचून समजत नाही. कुणीतरी पडद्यावर एक ऑडिओ फाइल उघडावी, तिचा ठसा काढून दाखवावा, मग तिच्यातला अर्धा सेकंद कापावा आणि पुन्हा ठसा काढावा. दोन लांबलचक आकडे शेजारी शेजारी दिसले की साठीच्या वकिलालाही ते जन्मभर विसरता येणार नाही. त्यानंतर नमुन्याचे दोन्ही भाग एकेक रकाना करत मराठीत भरून दाखवावेत. पंधरा मिनिटांचं काम आहे. ऑनलाइन शिकवणीचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे. सभागृहातल्या दोन तासांच्या भाषणात हे होत नाही.

पूर्वी झालं ते वाया गेलं, असं मुळीच नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर न्यायालयं बंद पडली तेव्हा वेबिनारांचा पूर आला होता. ज्या सिनियरांना ऐकायला एरवी मुंबईला जावं लागलं असतं ते यवतमाळच्या घरात ऐकायला मिळाले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला तेव्हाचे सरन्यायाधीश, मूळ नागपूरचे शरद बोबडे यांनी नागपूरच्या न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत ‘न्याय कौशल’ हे ई-रिसोर्स सेंटर सुरू केलं. देशातलं ते अशा प्रकारचं पहिलं केंद्र. इथे बसून देशातल्या न्यायालयांत ई-फायलिंग करता यावं हा त्यामागचा विचार. सर्वोच्च न्यायालयाची घटनापीठं २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होतात. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकालसंग्रह ई-एससीआरवर फुकट मिळतात आणि काही निकालांची मराठी भाषांतरंही. म्हणजे सामग्री नाही, असं म्हणायला जागा नाही. तिचा रोजच्या बोर्डाला उपयोगी पडेल असा धडा करून देणारं कुणी नाही.

त्यात भाषेची गाठ आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली. साक्षीपुरावे मराठीत, पुरसिस मराठीत, पुष्कळ ठिकाणी निकालही मराठीत. पण वकिलाला शिकवणारं जवळजवळ सगळं इंग्रजीत: खासगी अभ्यासक्रम, वेबिनार, टीकाग्रंथ. ज्याने एलएल.बी. मराठी माध्यमाच्या मनाने केली, जो उलटतपास वऱ्हाडीत घेतो आणि साक्षीदाराला घाम फोडतो, तो इंग्रजी वेबिनारमध्ये माइक बंद करून बसतो आणि शंका विचारत नाही. विद्वत्ता कमी म्हणून नव्हे. शंका इंग्रजीत विचारायची लाज वाटते म्हणून. शिकवणी मराठीत असेल तर तो विचारील. आणि त्याच्या शंका दिल्लीच्या वक्त्याला सुचणारही नाहीत अशा असतील: सातबाऱ्याचा ऑनलाइन उतारा इलेक्ट्रॉनिक पुरावा धरायचा का, पंचनाम्याच्या चित्रीकरणाची प्रत मागायला अर्ज कसा लिहायचा.

नागपूर खंडपीठाच्या अखत्यारीत विदर्भाचे ११ जिल्हे येतात. सिरोंचा नागपूरपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या वकिलाला शनिवारच्या व्याख्यानासाठी नागपूरला या म्हणणं म्हणजे शुक्रवारचा बोर्ड सोडून या, रविवारचा रिमांड सोडून या, म्हणणं. थेट ऑनलाइन कार्यक्रमही त्याच्या कामाचा नाही, कारण संध्याकाळी पाचला वीज किंवा नेटवर्क जाईल तेव्हा वक्ता थांबत नाही. घरी परतून स्वयंपाक, मुलांचा अभ्यास उरकणाऱ्या वकीलताईंना तर संध्याकाळची सहा-सात ही वेळ कधीच जमणार नाही. म्हणून धडा रेकॉर्ड केलेला हवा, वीस मिनिटांच्या आतला हवा, कमी डेटात उतरणारा हवा. नुसता आवाजही वेगळा मिळावा. एसटीत बसून ऐकता येतो. सोबत एका पानाचं मराठी टिपण असावं, जे न्यायालयाच्या पायरीवर उभं राहून वाचता येईल: निकालाचं नाव, तारीख, मुद्दा, आणि कोणत्या अर्जात तो कुठे लिहायचा.

आणि निकाल उलटला की ते टिपण त्याच दिवशी बदलावं. याचं कारण नागपूरनेच दिलं आहे. १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर खंडपीठाच्या एकल पीठाने पॉक्सो कायद्याच्या कलम ७ चा अर्थ लावताना त्वचेला थेट स्पर्श झाला नसल्याचं कारण देत आरोपीला त्या कायद्याखालच्या लैंगिक हल्ल्याच्या गुन्ह्यातून सोडलं. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द करून शिक्षा पुन्हा लागू केली. हेतू महत्त्वाचा, त्वचेचा स्पर्श नव्हे, असं सांगितलं. पहिल्या निकालाची बातमी देशभर झाली. दुसरा निकाल तेवढाच पोहोचला का? पॉक्सोच्या खटल्यात एका बालिकेची उलटतपासणी चालू असताना कुणी रद्द झालेला निकाल पुढे करतो, तेव्हा वेळ आणि धीर त्या मुलीचा जातो.

आता तर न झालेलेच निकाल दाखल होऊ लागले आहेत. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने जून २०२३ मध्ये चॅटजीपीटीने रचलेले खोटे निकाल दिल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीवरचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. ज्या तरुण वकिलाकडे महागड्या ऑनलाइन ग्रंथालयाची वर्गणी नाही, तो फुकटच्या यंत्राकडे वळणारच. साइटेशन पडताळून कसं पाहायचं, हे त्याला आपण शिकवायचं की दंड झाल्यावर त्याने शिकायचं?

सक्तीचा प्रश्न इथे येतोच. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा राज्यांनी १९७५ मध्ये वकिलांना सनदेनंतरचं शिक्षण बंधनकारक केलं. न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलाला आज दोन वर्षांत २४ तास, कॅलिफोर्नियात तीन वर्षांत २५ तास भरावे लागतात. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या डॉक्टरला नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण दाखवावे लागतात. सनदी लेखापालांनाही तासांचा हिशेब आहे. दुसरीकडे इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटरांसाठी वर्षाला १६ तासांचा नियम होता, तो नोव्हेंबर २०१६ मध्ये काढून टाकला गेला. तास मोजून खुर्चीत बसणं मोजलं जातं, शिकणं नाही, हा त्यामागचा विचार. आता तिथला सॉलिसिटर आपल्याला काय येत नाही ते स्वतः तपासतो, ते भरून काढतो आणि तसं दरवर्षी लिहून देतो.

सध्या तरी सक्ती नको, असंच इथे सुचवायचं आहे. ज्या वकिलापर्यंत मराठीतला एकही चांगला धडा पोहोचलेला नाही, त्याची सनद तासांअभावी अडवणं अन्यायाचं होईल. पडद्यावर चित्रफीत सुरू ठेवून दुसरं काम करण्याची सवय तेवढी लागेल. आधी धडे तयार व्हावेत, फुकट मिळावेत, दोन वर्षं वकिलांनी ते आपणहून ऐकावेत. मग नव्याने सनद घेणाऱ्यांसाठी पहिल्या दोन वर्षांत ठरावीक धडे पुरे करणं बंधनकारक करता येईल. चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला सर्टिफिकेटासाठी रांगेत उभं करण्यापेक्षा त्याला शिकवायला बोलवावं.

हे काम बार कौन्सिलचं, म्हणजे परिषदेचं नाही, असं कुणी म्हणणार नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम ६ मध्येच राज्य परिषदेच्या कामांत कायद्याच्या विषयांवर चर्चासत्रं घेणं, नामवंत विधिज्ञांची व्याख्यानं ठेवणं, नियतकालिकं आणि लेख प्रसिद्ध करणं हे घातलेलं आहे. १९७३ च्या दुरुस्तीने ते आलं. तेव्हा सभागृह आणि छापखाना होता, आज मोबाइल आहे. केरळच्या बार कौन्सिलने कोचीत एम. के. नंबियार यांच्या नावाने वकिलांच्या निरंतर शिक्षणाची अकादमी उभी केली आहे. महाराष्ट्राची परंपरा कुठल्याच बाबतीत लहान नाही.

पैशाची अडचण खरी आहे. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यातल्या ७५० रुपयांवर, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणून ठेवलं. गरिबाघरच्या मुलासाठी ते योग्यच झालं, परिषदांच्या तिजोरीला मात्र ओढ बसली. तरीही वीस मिनिटांच्या धड्याला स्टुडिओ लागत नाही. एक शांत खोली, बरा माइक, पडदा दाखवणारं यंत्र आणि संपादन जाणणारा एक तरुण पुरतो. शिकवायला माणसं नागपुरात आहेत. ज्या शहराच्या वकिली परंपरेतून हिदायतुल्ला, बोबडे, गवई असे सरन्यायाधीश गेले, तिथे दिवाणी अपील शिकवणारा किंवा मोटार अपघात दाव्यातलं उत्पन्न कसं सिद्ध करायचं ते दाखवणारा माणूस शोधावा लागत नाही. १९२५ मध्ये सुरू झालेलं विद्यापीठाचं, आजचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे. वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना टिपणं तयार करण्याचं काम देता येईल, अनुभवी वकील ती तपासून देतील. लोकअभिरक्षक कार्यालयातले वकील रोज रिमांडला उभे राहतात. पहिल्या दहा धड्यांचे विषय त्यांनाच विचारावेत.

न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेलाही विनंती करता येईल. न्यायाधीशांचं अंतर्गत प्रशिक्षण वेगळं राहू द्यावं, पण कलम कोणतं बदललं आणि नमुना कसा भरायचा, यात गुप्त काहीच नाही. ‘न्याय कौशल’च्या निमित्ताने त्या संस्थेत वकिलांसाठी एक दार उघडलेलंच आहे.

मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुटी लागते. नागपूरचं ऊन पंचेचाळिसाकडे जातं, बाररूम ओस पडते, सिनियरांची ऑफिसं मात्र सकाळी उघडी असतात. त्या सुटीत पंधरा धडे रेकॉर्ड होऊ शकतात. पहिला कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा असावा, दुसरा अटकेच्या लेखी कारणांचा. दुसरा धडा माडिया, गोंडी, तेलुगू बोलणाऱ्या आरोपीचं उदाहरण घेऊन करावा, आणि तो करताना गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या वकिलालाच बोलायला बसवावं. हे धडे कोणत्या महिन्यात मिळतील, एवढं परिषदेने आपल्या पुढच्या बैठकीत ठरवून सर्व तालुका वकील संघांना कळवावं, ही विनंती आहे.

नागपूर